खांदा : पंधरा मिनिटे

"ओ कवी, ह्याचं टिकटिकणं बंद झालं की वो!" पडद्याआडून चंपाबाई मगदूम ओरडल्या. "मी शिजतीया का करपतीया, कुणीतरी येऊन बघा."

मी बाहेरच्या खोलीत खिडकीशी उभा होतो आणि समोरच्या विजेच्या तारेवर लटकलेल्या पतंगाच्या सांगाड्यात मनुष्याच्या अस्तित्वाचे काही प्रतीक सापडते का, ते न्याहाळत होतो. जवळजवळ सापडलेच होते. नाइलाजाने पडदा सारून आत गेलो. अंधाऱ्या खोलीत दिव्यांची उभी पाटी तांबडीभडक पेटलेली होती. तिच्यापुढे वीतभर अंतरावर चंपाबाईंचे दोन्ही गुडघे उघडे होते, डोळ्यांवर रबरी काळा चष्मा होता. चंपाबाई पिठाची गिरणी चालवीत. तीस वर्षे गिरणीपुढे उभे राहून त्या गुडघ्यांनी आता असहकार पुकारला होता.

भिंतीवरच्या टायमरचा काटा सातावर अडकला होता. मी त्याला चापट मारली. तो हलला नाही.

"किती ऱ्हायलं?"

"सात मिनिटं."

"मग मोज की. बघत काय उभारलायस?"

मोजायचे कशाने, हा प्रश्न होता. काळ मनगटाला बांधून घेणे मला तत्त्वतः मान्य नसल्यामुळे घड्याळ मी वापरीत नसे. मोबाइल मावशीच्या खणात कुलूपबंद होता. मागच्याच महिन्यात एका पोस्टमास्तरांना कंबरेसाठी पालथे झोपवून मी एक सुचलेली ओळ मोबाइलमध्ये टिपायला बाहेर गेलो होतो. ओळ काही केल्या जमेना, आणि ती जमेपर्यंत पोस्टमास्तर पन्नास मिनिटे तांबड्या उजेडात पडून राहिले होते. मावशी आता बँकेत गेलेली. मनात साठपर्यंत आकडे मोजून पाहिले. बाविसाव्या आकड्याला मी पुन्हा पतंगाच्या सांगाड्यापाशी पोचलो.

मग मला माझी कविता आठवली. ‘काठाचे दिवस’ ही माझी तेरा कडव्यांची दीर्घकविता. विद्यापीठाच्या कविसंमेलनात मी ती म्हटली, तेव्हा ‘पंधरा मिनिटे झाली, कृपया आवरा’ ही अध्यक्षांची चिठ्ठी नेमकी शेवटच्या ओळीवर माझ्या हातात आली होती. तेरा कडव्यांना पंधरा मिनिटे, तर सहा कडव्यांना सात. माझ्या आयुष्यातले ते एकमेव गणित होते जे कवितेच्या कामी आले, किंवा उलट.

मी घसा साफ केला आणि सुरुवात केली:

"अंधाराची ओली कातडी पांघरून
मी उभा आहे
स्वतःच्याच काठावर..."

"अगं बया," चंपाबाई म्हणाल्या, आणि सहा कडवी संपेपर्यंत गप्प राहिल्या. डोळ्यांवर चष्मा, पायांपुढे दिवा, उठून जायला मार्ग नाही. इतका एकाग्र श्रोता मला त्यापूर्वी कधीच लाभला नव्हता.

केंद्राच्या पाटीवर ‘कुमुद प्रकाशोपचार केंद्र’ असे नाव असले तरी मिरजेत सगळे त्याला तांबडा दवाखाना म्हणत. कुमुदमावशी ही माझ्या आईची सख्खी बहीण. पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून राबून ती निवृत्त झाली आणि एका प्रदर्शनातून हे यंत्र घेऊन आली. यंत्रासोबत एक पुस्तिका होती. शरीराच्या कुठल्या भागाला किती मिनिटे उजेड द्यावा याचे तीत कोष्टक होते. मी मराठीचा एम. ए., म्हणून भाषांतर माझ्याकडे आले. मी सुबक अक्षरात लिहिले: मुखमंडल, आठ मिनिटे, मणिबंध, दहा, जानुसंधी, बारा, स्कंध, पंधरा, पृष्ठ व कटी, वीस. मावशीने वाचले, एकेक शब्द खोडला आणि वर लिहिले: तोंड, मनगट, गुडघा, खांदा, पाठ-कंबर. "पेशंट इथं बरा व्हायला येतो, प्रसन्न. शब्दकोश घेऊन येत नाही."

माझे नाव प्रसन्न. चोविसाव्या वर्षी ते मला कोणीतरी आकसाने ठेवलेले वाटे.

कोष्टकाखाली मावशीने माझ्याकडून एक वाक्य ठळक लिहून घेतले होते: ‘जास्त वेळ म्हणजे जास्त गुण नव्हे. ठरल्यापेक्षा कमी दिल्यास उपयोग नाही. ठरल्यापेक्षा जास्त दिल्यास आलेला गुणही मंदावतो.’ मी ते लिहिले, रंगवले, भिंतीवर लावले, आणि साहित्याशी त्याचा काही संबंध असेल अशी शंकाही मला आली नाही.

टायमर दुरुस्त करणाऱ्याने पाठ उघडून पाहिली आणि सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल, महिना लागेल, असे सांगितले. मावशी स्वयंपाकघरातले एखादे घड्याळ आणून ठेवील अशी माझी अपेक्षा होती. पण चंपाबाईंनी तिला सगळी हकीकत सांगितली होती. मावशीने छातीवर उलटे टाचलेले परिचारिकेचे घड्याळ सुलटे केले आणि मला म्हणाली, "म्हण."

मी म्हटली. मावशी रुग्णाची नाडी मोजावी तशी उभी होती.

"पंधरा मिनिटं आणि चार सेकंद. पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटली. पंधरा मिनिटे, दोन सेकंद.

"एवढं रडतोस, पण रडतोस एका लयीत," मावशी म्हणाली. "चालेल. ह्याला सेलही लागत नाहीत."

अशा रीतीने कोष्टकापुढे नवा रकाना उघडला. तोंड : सातव्या कडव्यापर्यंत. मनगट : आठ कडवी आणि नवव्याचा बराचसा भाग. गुडघा : दहावे संपेपर्यंत. खांदा : संपूर्ण कविता. पाठ-कंबर : संपूर्ण कविता, आणि पुन्हा पहिली चार कडवी.

गावाने हे फार सहजपणे स्वीकारले. लग्न ठरलेली एक मुलगी चेहऱ्याला उजेड घ्यायला येई, तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलेले मी ऐकले, "अगं, सातव्याला ते प्रेत वाहत येतं ना, तिथं माझं संपतं." पोस्टमास्तर पुन्हा येऊ लागले होते. त्यांनी लेखी तक्रार दिली की, कंबरेमुळे अंधाराची कातडी आपल्याला दर वेळी दोनदा पांघरावी लागते, त्याऐवजी पुनरावृत्तीला दुसरी चार कडवी घेता येतील का. चंपाबाई तर दारातूनच हाक मारत, "कवी, लाव माझा गुडघा!"

मी विटंबना सोसत होतो आणि मनातून सुखावत होतो. त्या सुखाला एक मुदत होती, ती मात्र मावशीशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. माझे वडील जयसिंगपूरला शाळेत लिपिक होते. त्यांनी माझ्यापुढे बी. एड.चा अर्ज ठेवला होता. अर्जाची शेवटची तारीख तीस सप्टेंबर. "तोवर एखाद्या नावाजलेल्या दिवाळी अंकानं तुझी कविता घेतल्याचं पत्र दाखव," ते म्हणाले होते, "पुढचं वर्ष तुझं. काय हवं ते लिही, मी विचारणार नाही. नाही दाखवलंस, तर अर्ज भरायचा, आणि तोंड वाकडं न करता भरायचा." वडिलांनी एवढा सरळ सौदा आयुष्यात कधी केला नव्हता. एक अख्खे वर्ष, कुणी काही न विचारता! मी तीन ठिकाणी कविता पाठवल्या होत्या. दोन परत आल्या होत्या आणि तिसऱ्यांचा पत्ता बदलला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी उजवा हात पोटाशी धरून ग. वि. ताटके आत आले.

‘ओळंबा’ या त्रैमासिकाचे ते संपादक. सांगलीच्या महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या दिवाळी अंकात नाव येणे म्हणजे आमच्या वर्तुळात कवी म्हणून नोंद होणे. माझ्या सात कविता त्यांनी सात पोस्टकार्डांनिशी परत केल्या होत्या. शेवटच्या कार्डावर एवढेच होते: ‘आपल्याला पुष्कळ वाटते. सांगायला थोडेच आहे.’

"खांदा आखडलाय," ते मावशीला म्हणाले. "शर्ट घालायला अर्धा तास लागतो. मुलगी पुण्याहून रोज फोन करून विचारते, दाखवलं का, दाखवलं का."

"खांद्याला पंधरा मिनिटं," मावशी म्हणाली. "आठवड्यातून चारदा. प्रसन्न, घे सरांना."

मी त्यांना खुर्चीत बसवले, शर्ट खांद्यावरून उतरवला, चष्मा चढवला, दिवा लावला. खांदा म्हणजे संपूर्ण कविता. नियतीला इतकी नेमकी मांडणी करताना मी प्रथमच पाहत होतो.

पहिल्या दिवशी ते एक अक्षर बोलले नाहीत. तेरावे कडवे संपले तेव्हा त्यांनी चष्मा ओरबाडून काढला. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घर्मबिंदू.

"पंधरा मिनिटं झाली?"

"झाली, सर."

"कोणाची आहे ही?"

"माझी, सर. प्रसन्न कुलगुडे. मी आपल्याला..."

"हो, हो. आठवलं." आणि शर्टाची एक बाही तशीच लोंबकळत ठेवून ते निघून गेले. त्या घामाचा अर्थ मी त्या रात्री स्वतःपुरता लावून टाकला: कविता भिडली होती.

दुसऱ्या खेपेस दुसरे कडवे सुरू होताच त्यांनी डावा हात वर केला.

"थांबा. हे कडवं कशाला आहे?"

"वातावरणनिर्मिती, सर."

"वातावरण इथं पुष्कळ आहे. काढा."

मी काढले. दोन ओळींनंतर पुन्हा हात वर झाला. ते आता पहिल्या ओळीकडे परत गेले होते.

"‘अंधाराची ओली कातडी.’ अंधार ओला, की कातडी ओली?"

"दोन्ही, सर. म्हणजे संदिग्धता..."

"काढा. पुढे."

मी पुढे गेलो. आणखी दोन कडवी गेली. माझ्या पायांखालची जमीन सरकत होती आणि मला आनंद होत होता. महाराष्ट्रातला सर्वांत कठोर संपादक माझ्या कवितेवरून हात फिरवत होता! त्या दिवशी सर अकरा मिनिटांत सुटले. मावशी बाहेर रक्तदाब तपासण्यात गुंतली होती. मी मनाशी म्हटले, चार मिनिटांनी काय होते?

तिसऱ्या खेपेस विहिरीचे कडवे गेले, चौथ्या खेपेस प्रेत गेले. आठव्या कडव्यातल्या आईबद्दल त्यांनी फक्त "आई बरी आहे का तुमची?" असे विचारले. मी हो म्हणालो. "मग तिला काढा." वेळ भरून काढावा म्हणून मी हळू म्हणू लागलो, ओळींच्या मध्ये थांबू लागलो. तेही त्यांनी पकडले.

"मध्येच गप्प होता ते काय?"

"विराम, सर. आशयाला श्वास घ्यायला..."

"आशयाला दमा झालाय का? सलग म्हणा."

एकदा कविता सात मिनिटांतच संपली, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "सर, पुन्हा एकदा सुरुवातीपासून म्हणू?"

"एकदा ऐकली. पुरे." आणि त्यांनी स्वतःच चष्मा काढला.

खरी अडचण अशी की, मी त्यानंतर कुणापुढेच जुनी कविता म्हणू शकेना. चांगली ओळ कळल्यावर वाईट ओळ तोंडात येत नाही. हा कवीचा बाणेदारपणा असतो असे मी त्यावेळी समजत असे. नवी कविता मी दोनदा म्हणून गुडघे भागवू लागलो, कंबरेला तीनदा म्हणू लागलो, आणि कितव्यांदा म्हणतो आहे ते विसरू लागलो.

"कवी," एका सकाळी चंपाबाई म्हणाल्या, "ते इहिरीचं कुठं गेलं?"

"काढलं."

"का?"

"अनावश्यक होतं."

"तुला आसंल. माझ्या गुडघ्याला हुतं की आवश्यक." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आठ दिस झालं, जिना चढताना पुन्हा कळ मारतीया. तू मापात पाप करतुयास, लेका. मी गिरणीवाली हाय, मला शिकवू नगंस."

"चंपाबाई, ही कविता आता जास्त चांगली झालीय."

"व्हईना! दळण चांगलं म्हणून शेरभर कमी घेऊ व्हय घरला?"

वाङ्मयीन मूल्यांची चर्चा उघड्या गुडघ्यांपुढे करणे मला अप्रस्तुत वाटले. चंपाबाई उठल्या आणि थेट मावशीच्या टेबलापाशी गेल्या.

दरम्यान सव्वीस सप्टेंबर उजाडला. त्या दिवशी सर खुर्चीत बसताच म्हणाले, "कागदावर लिहून आणलीत का?"

आणली होती. मी म्हटली, त्यांनी बसल्या बसल्या आणखी एक कडवे उडवले, दोन विशेषणे उडवली. उरल्या अकरा ओळी. मग दिवा लावून मी त्या सलग म्हटल्या. एका मिनिटाच्या आत संपल्या.

सर काही क्षण चष्म्यासकट तसेच बसले होते. इतक्या दिवसांत ते प्रथमच आवश्यकतेपेक्षा जास्त बसले.

"ही छापायला हरकत नाही," ते म्हणाले. "दिवाळी अंक शनिवारी छापखान्यात जातो. परवा येताना स्वीकृतीचं पत्र घेऊन येतो. तुम्हाला लागतं ना ते? तुमच्या मावशी म्हणत होत्या."

मी बाहेर आलो तेव्हा मला पतंगाचा सांगाडा दिसला नाही, विजेची तारही दिसली नाही. एक वर्ष दिसले. लांबरुंद, रिकामे, माझे.

अठ्ठावीस तारखेच्या सकाळी पहिली पाळी चंपाबाईंची होती. मी अकरा ओळी किती वेळा म्हटल्या, देव जाणे. दिवा मालवून पडदा सारला, तर पडद्याला लागूनच मावशी उभी होती, छातीवरचे घड्याळ हातात.

"पाच मिनिटं वीस सेकंद," ती म्हणाली. "गुडघ्याला किती लिहिलंय?"

"बारा."

"आणि ताटके सरांना किती देतोस? खरं सांग."

मी दिव्याची वायर गुंडाळू लागलो.

"प्रसन्न!"

"परवा... एक."

"एक काय?"

"मिनिट. त्याहून थोडं कमीच."

मावशी ओरडली नाही. ओरडली असती तर मला तिच्यावर रागावता आले असते. "पस्तीस वर्षं नोकरी केली," ती हळू म्हणाली. "एका पेशंटला कधी अर्धं औषध पाजलं नाही. तो बिचारा म्हातारा, पुढच्या महिन्यात मुलगी त्याला पुण्याला घेऊन जाणार, एकट्यानं कपडे घालता येत नाहीत म्हणून. आणि तू त्याच्या खांद्यावर कविता घासतोयस?"

"तेच काढायला सांगत होते, मावशी."

"त्यांना काय ठाऊक कडव्याला किती मिनिटं! तुला ठाऊक होतं." तिने घड्याळ पुन्हा टाचले. "ते आता येतील. तू स्वतः सांगायचंस. मी उभी राहणार."

ते आलेच. डाव्या हातात एक पाकीट होते, आणि त्यावर माझे नाव होते. मी पाकिटाकडे पाहिले, मावशीकडे पाहिले. चंपाबाई गुडघे चोळत बाकावर बसल्या होत्या. त्यांनी जायचा बेत स्पष्टपणे रद्द केला होता.

सांगितले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी नंतर पुष्कळदा केला आहे. मावशीनेच सांगितले असते, एवढेच. पण त्या क्षणी मला ते सुचले नाही. मला फक्त पाकीट दिसत होते, आणि ते माझ्या हातात येण्याआधी बोलायचे आहे हे कळत होते.

"सर, टायमर बिघडलाय. आम्ही कवितेवर वेळ मोजतो. सबंध कविता म्हणजे पंधरा मिनिटं होती. आपण एकेक कडवं काढत गेलात, तसतसा आपला वेळ कमी होत गेला. मला ते माहीत होतं. मी बोललो नाही, कारण..." कारण मला सांगता येईना. "आपला खांदा सुटत नाही तो माझ्यामुळे. पाकीट परत नेलंत तरी चालेल."

चालणार नव्हते. पण वाक्य तसेच संपणे भाग होते.

ताटके सरांनी पाकीट टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढून बसले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"कविता संपली की दिवा बंद होतो. पहिल्याच दिवशी कळलं. शेवटची ओळ झाली आणि तुम्ही बटण दाबलंत."

मावशी म्हणाली, "मग सर, तुम्ही हे..."

"सिस्टर, चार वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. गुंतागुंत झाली, आठ दिवस पट्टी होती. पाचव्या दिवशी आमची ही गेली. हृदयविकार. मला हाताला धरून स्मशानात नेलं. लोक सांगत होते, आता उचलली, आता ठेवली. मी ऐकत होतो." त्यांनी तो रबरी चष्मा उचलून उलटसुलट केला. "हा डोळ्यांवर बसला की मी पुन्हा तिथं असतो. मुलीला खोटं सांगता येत नाही, म्हणून येत होतो. आणि लवकर सुटायचा एकच मार्ग दिसला."

मला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे," मी म्हणालो, "विहिरीचं कडवं..."

"लांब होतं."

"आणि आई?"

"तीही."

"विराम?"

"विराम तर असह्य होते हो."

चंपाबाई फसकन हसल्या आणि पदर तोंडावर धरला. मीही हसलो असतो, पण तीन आठवडे मी ज्याला दीक्षा समजत होतो ती एका घाबरलेल्या माणसाची सुटकेची धडपड निघाली होती, आणि हसण्यासाठी जो एक माणूस आत लागतो तो माझ्यात तेव्हा घडलेला नव्हता.

"मग हे पत्र कशाला, सर? दयेनं?"

"दयेनं मी कविता छापत नाही. सात कार्डं पाठवली होती ना तुम्हाला?" ते तापले. मग आवाज उतरला. "परवा अकरा ओळी ऐकल्या आणि मी चष्मा काढायचा विसरलो. तेवढंच माझ्याकडे आहे. मी काढलेल्या ओळी वाईट होत्या म्हणून काढल्या, की मला पळायचं होतं म्हणून, हे मला आता सांगता येणार नाही. तुम्ही सांगा. कविता तुमची आहे. यातली कुठली ओळ परत हवी असेल तर ती आत्ता लिहा; दुपारी छापखान्यात जायचंय."

त्यांनी खिशातून माझाच कागद काढून पुढे केला. मी टेबलाशी वाकलो. काढलेली सगळी कडवी मला पाठ होती. एकेक मनात म्हणून पाहिले: कातडी, विहीर, प्रेत, आई. त्यांच्यासाठी माझे मन भरून येईल असे वाटले होते. आले नाही. ती मी लिहिली नव्हतीच. त्या वयाच्या कुणाच्याही वहीत ती आपोआप उगवली असती. मग उरलेल्या अकरा ओळी वाचल्या. सावकाश, कुणाचा खांदा किंवा गुडघा समोर नसताना. दहाव्या ओळीशी कविता संपत होती. अकरावी ओळ ती संपल्याचे सांगत होती.

मी अकरावी खोडली.

सरांनी कागद घेतला, वाचला, माझ्याकडे वाचायच्या चष्म्यावरून पाहिले.

"ही मला दिसली नव्हती," ते म्हणाले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. पाकीट माझ्याकडे सरकवले.

"झालं ना साहित्य?" मावशी पुढे झाली. "सर, आत चला. खांदा. पंधरा मिनिटं, माझ्या घड्याळानं. चष्मा लावावा लागेल, डोळ्यांना चालत नाही हा उजेड. पण कोणीतरी जवळ बसेल."

सर उठले नाहीत.

"चला की वो," चंपाबाई म्हणाल्या. "मी बसू का हात धरून? माझा हात पिठाचा हाय, पर मऊ हाय."

"नको, नको." ते घाईने उठले. "हा बसेल."

मी खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. मावशीने दिवा लावला आणि पडद्याच्या फटीत घड्याळ धरून उभी राहिली. चष्मा बसताच सरांचा डावा हात हवेत काहीतरी शोधू लागला. मी माझे मनगट त्यात दिले. त्यांनी ते घट्ट आवळले.

"बोला," ते म्हणाले. "गप्प बसू नका."

"पहिल्यापासून म्हणू?"

"कविता सोडून काहीही."

मला कविता सोडून काही बोलायची सवय नव्हती. मी घरातले सांगू लागलो. जयसिंगपूर, वडिलांचे ऑफिस, हजेरीपटावर त्यांनी काढलेल्या सरळ रेघा. बी. एड.चा अर्ज, तीस तारीख, पत्र दाखवले तर मिळणारे वर्ष. मी त्या वर्षाचे वर्णन केले. सकाळी उठायचे, काही करायचे नाही, फक्त लिहायचे. किती वेळ बोललो मला कळले नाही. त्यांची पकड हळूहळू सैल झाली, श्वास संथ झाला. ते झोपले असावेत असे वाटून मी थांबलो.

"मग?" ते म्हणाले.

"मग काही नाही. आता पत्र मिळालं. अर्ज भरायची गरज उरली नाही."

"कधी आहे म्हणालात शेवटची तारीख?"

"परवा."

"भरा तो अर्ज."

मी दचकलो. "सर, पण आपण तर माझी कविता छापताय."

"म्हणूनच सांगतो. पुढच्या कवितेत सांगायला काही लागेल ना?" ते म्हणाले. "सिस्टर, किती झाली?"

"नऊ," पडद्यातून मावशी म्हणाली. "अजून सहा."